सगळे धरून किती?



मार्था आणि मरिया ह्या दोन बहिणींचे शुभवर्तमान ज्या रविवारी वाचण्यात आले, त्या रविवारची ही गोष्ट आहे. दुसरी मिस्सा आटोपून आम्ही ऑफिसात बसलो होतो. आपल्या धर्मग्रामातील एक जोडपे आत आले. येत्या नोव्हेंबरात त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. उपकारस्तुतीच्या मिस्सेची तारीख त्यांनी नोंदवली आणि मग पतीने पिशवीतून एक गुळगुळीत रंगीत पत्रक काढून आमच्यापुढे ठेवले. दक्षिण गोव्यातील समुद्रकिनाऱ्यावरचे एक रिसॉर्ट. चार दिवस, तीन रात्री. खोली, सकाळची न्याहारी, दोन वेळचे जेवण, संध्याकाळचे खाणे, पोहण्याचा तलाव, मुलांचे खेळ असे सर्व काही एकाच रकमेत. दोघे आणि दोन मुले, सगळे धरून एक लाख दहा हजार रुपये.

"फादर, एवढे पैसे चार दिवसांत घालवणे बरोबर आहे का? तुम्हीच सांगा," पती म्हणाले. पत्नी गप्प होत्या.

पुढचा मजकूर आम्ही ह्या दोघांच्या परवानगीने, नावगाव न देता लिहीत आहोत. कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. आपल्या धर्मग्रामात पूर्वी सुट्टी म्हणजे मामाचे गाव किंवा वेलंकनीची यात्रा असे. आज अनेक घरांत अशी पत्रके येतात, मोबाईलवर तर रोजच येतात, आणि घराघरांत हाच प्रश्न पडतो: हे परवडेल का, आणि परवडले तरी करावे का?

आमचे पहिले उत्तर

आम्ही लगेच कागद-पेन घेतले. हिशेब आम्हांला आवडतो. चार दिवस म्हटले तरी खोली दुपारी दोन-तीनला मिळते आणि शेवटच्या दिवशी सकाळी दहा-अकराला सोडावी लागते, म्हणजे खरे दिवस तीनच. खोलीचे रोजचे भाडे साडेसात हजारांच्या वर गेले की त्यावर अठरा टक्के जीएसटी लागतो; तो त्या रकमेत धरला आहे की वेगळा, हे विचारले पाहिजे. वसई रोडहून मडगावपर्यंतचा प्रवास वेगळा. स्टेशनपासून किनाऱ्यापर्यंतची टॅक्सी वेगळी. पाण्यावरचे खेळ आणि मालिश बहुतेक ठिकाणी वेगळे. 'सर्व समाविष्ट' ह्या शब्दांच्या शेजारी बारीक अक्षरांत जे छापलेले असते, ते सगळ्यांत आधी वाचावे.

मग आम्ही दुसरा हिशेब मांडला. साधी खोली घेतली, बाहेर गावातल्या खानावळीत मासळी-भात खाल्ला, तर किती लागतील? निम्म्याच्या आसपास. ज्याला फिरायचे आहे, जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरच्या चरणी जायचे आहे, मडगावचा बाजार पाहायचा आहे, त्याने चारी वेळचे जेवण आधीच विकत घेऊन ठेवण्यात काय अर्थ? दुपारचे जेवण बाहेर घेतले की आतले फुकट गेले अशी रुखरुख लागते, म्हणून माणूस बाहेरच पडत नाही. उलट लहान मुले असलेल्यांना, म्हाताऱ्यांना, किंवा ज्यांना एका जागी स्वस्थ पडून राहायचे आहे त्यांना ते पॅकेज सोयीचे ठरू शकते. हा हिशेब चुकीचा नव्हता आणि आजही आम्ही तो मागे घेत नाही.

पण आम्ही तिथे थांबलो नाही. "आणि समुद्रच पाहायचा तर आपला काय वाईट आहे?" असे आम्ही हसत म्हणालो. "अर्नाळा आहे, राजोडी आहे, भुईगाव आहे. पाणी तेच. लाखभर रुपये वाचवा, मुलांच्या शिक्षणाला ठेवा."

पती खूश झाले. पत्नी उठल्या आणि दाराशी जाऊन वळल्या. त्यांचे शब्द आम्ही जसेच्या तसे देतो: "फादर, आज तुम्ही प्रवचनात मरियेची बाजू घेतलीत. पण घरी गेल्यावर रांधायचं मार्थेलाच आहे. तुमचं जेवण रोज टेबलावर येतं."

त्या रागावून बोलल्या नाहीत. सहज बोलल्या, म्हणूनच ते आम्हांला लागले.

सर्व समाविष्ट जीवन

त्या दुपारी धर्मगुरुनिवासात आम्ही जेवायला बसलो. रविवार असल्याने चिकन होते, वरण होते, भात होता, कापलेला आंबा होता. हे कोणी केले, केव्हा केले, सकाळच्या कोणत्या मिस्सेला ती मावशी गेली होती की गेलीच नव्हती, हे आम्हांला ठाऊक नव्हते. आमचे कपडे धुऊन, इस्त्री होऊन येतात. आम्ही खोलीतून निघतो आणि परत येतो तेव्हा केर काढलेला असतो. बंधू-भगिनींनो, आपल्या धर्मग्रामात 'सर्व समाविष्ट' पॅकेजवर राहणारा पहिला माणूस कोण असेल तर तो आम्ही आहोत. आणि त्याच माणसाने पंचवीस वर्षे पहाटे साडेचारला उठून डबे भरणाऱ्या स्त्रीला सांगितले की, चार दिवस आयते जेवण्यात काय अर्थ आहे!

तेव्हा आमच्या लक्षात आले की आम्ही पत्रकाची किंमत तपासली होती, पण ते पत्रक घरात कोणाला हवे होते आणि का हवे होते, हे विचारलेच नव्हते. पतीला त्यात समुद्र दिसत होता. मुलांना तलाव दिसत होता. त्या बाईंना त्यात न पेटवलेली शेगडी दिसत होती. 'आज जेवायला काय करू?' हा प्रश्न तीन दिवस त्यांना पडणार नव्हता. ह्याची किंमत खानावळीच्या बिलाशी ताडून कशी कळणार?

विश्रांती वसूल होत नाही

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक विचार आमच्या वहीत उतरवलेला होता: माणूस विश्रांती घेतो ती पुन्हा कामाला लागता यावे म्हणून; पण काम मात्र करतो ते मोकळ्या, निवांत वेळासाठी. म्हणजे थकवा घालवणे वेगळे आणि निवांत असणे वेगळे. बॅटरी भरणे ही एक गोष्ट झाली. दिवा कशासाठी लावायचा ही दुसरी. जर्मन कॅथलिक तत्त्वज्ञ योसेफ पीपर ह्यांनी १९४८ मध्ये ह्याच विषयावर एक छोटे पुस्तक लिहिले. युद्धात उद्ध्वस्त झालेला देश पुन्हा उभा करायचा असताना निवांतपणाबद्दल बोलणे वेडेपणाचे वाटेल हे त्यांना माहीत होते. तरीही त्यांचे म्हणणे असे की, खरा निवांतपणा म्हणजे रिकामपण नव्हे. देवाने निर्माण केलेल्या जगाला 'चांगले आहे' असे म्हणण्याची ती वृत्ती आहे, आणि तिचे मूळ सणात आणि उपासनेत आहे.

संत थॉमस अक्वायनस तर आपल्यातील कित्येकांना वाटतात त्याहून मोकळे होते. शरीर थकते तसे मनही थकते, आणि मनाचा विसावा आनंदात आहे, असे ते सांगतात. त्यासाठी ते एक जुनी गोष्ट देतात. संत योहान एकदा शिष्यांबरोबर खेळत असताना काही जणांना ते खटकले. त्यांच्यातील एकाच्या हाती धनुष्य होते. योहानांनी त्याला बाण सोडायला सांगितले, पुन्हा सोडायला सांगितले, आणि मग विचारले, "असे न थांबता करत राहशील का?" तो म्हणाला, "तसे केले तर धनुष्य मोडेल." माणसाच्या मनाचेही तसेच आहे, असे योहानांनी त्याला सांगितले. संत थॉमस तीन पथ्ये मात्र घालून देतात: करमणूक हानिकारक किंवा अशोभनीय नसावी, तिच्यात मनाचा तोल पूर्ण सुटू नये, आणि ती वेळ, जागा व माणूस पाहून असावी. सदा कोरडे राहून दुसऱ्यांच्या आनंदावर विरजण घालणाऱ्याला तर ते दोषी धरतात.

तेव्हा रिसॉर्टला जाणे हे पाप नव्हे. पण पॅकेजमध्ये एक खोच आहे, आणि ती सांगितली पाहिजे. आपल्या बोलीत शब्द आहे 'पैसा वसूल'. एकदा एकरकमी पैसे भरले की माणूस भूक लागली म्हणून जेवत नाही. भरले आहेत म्हणून जेवतो. झोप येत असते, पण न्याहारी दहाला बंद होते म्हणून धावत सुटतो. पोट भरलेले असते, तरी संध्याकाळची भजी सोडवत नाहीत. खरे पाहता भरलेले पैसे गेलेले असतात. ते खाऊनही परत येत नाहीत, न खाऊनही परत येत नाहीत. मग उरलेला प्रश्न एवढाच की आत्ता, ह्या घटकेला, काय बरे आहे. कदाचित झोप बरी. कदाचित मुलीशी बोलत वाळूवर बसणे बरे. विश्रांती ही वसूल करण्याची गोष्ट नाही. वसुली करायला गेलो की तेही एक कामच होऊन बसते.

आणि कर्ज काढून, हप्त्यांवर सुट्टी घेणाऱ्यांनी तर थांबून विचार करावा. तीन दिवसांची विश्रांती आणि पुढचे बारा महिने तिचे ओझे, हा सौदा आम्हांला कोणत्याच अंगाने पटत नाही.

भिंतीच्या आत आणि बाहेर

असे पॅकेज आले कुठून? दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० मध्ये, जेरार ब्लित्झ नावाच्या एका बेल्जियन गृहस्थाने स्पेनच्या मायोर्का बेटावर समुद्रकाठी तंबू ठोकून सुट्टीचे एक गाव वसवले. तेच पुढे 'क्लब मेड' म्हणून जगभर पसरले. राहणे, खाणे, खेळणे सगळे एकाच रकमेत. त्यांच्या गावांत जेवताना अनोळखी माणसे एका टेबलाभोवती बसत, आणि पेयांसाठी पैशांऐवजी गळ्यातले मणी देत. युद्धाने थकलेल्या माणसांना काही दिवस खिशाचा विसर पडावा, ही कल्पना वाईट नव्हती. पुढे कॅरेबियन बेटांवर ती मोठा धंदा झाली. १९८१ मध्ये जमैकातील माँटेगो बे येथे 'सँडल्स'चे पहिले रिसॉर्ट निघाले. तंबू गेले आणि भिंती आल्या. मनगटावर पट्टी असेल तो आत, नसेल तो बाहेर.

भिंत आली की गावाचा संबंध तुटतो. पश्चिम आफ्रिकेतील गांबिया ह्या चिमुकल्या देशाने १९९९ मध्ये अशा पॅकेजवर बंदीच घातली होती. पाहुणे फाटकाबाहेर पडत नसत. त्यामुळे खानावळवाले, टॅक्सीवाले, फळे विकणाऱ्या बाया ह्यांच्या हाती काही लागत नसे. पण पर्यटक दुसरीकडे वळू लागले आणि थोड्याच काळात ती बंदी उठवावी लागली. म्हणजे हा प्रश्न कायद्याने सहज सुटणारा नाही. तो पाहुण्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर येऊन पडतो.

आपल्याला हे दुरून समजून घेण्याची गरज नाही. कळंब, राजोडी, अर्नाळा इथे शनिवार-रविवारी मुंबईच्या बस येतात. न्याहारी, जेवण, चहा, तलाव, सगळे धरून एवढे रुपये माणशी, अशा पाट्या आपण रोज पाहतो. आपल्यापैकी काहींच्या वाडीतच रिसॉर्ट उभे आहे. काहींची मुले-मुली तिथे नोकरीला आहेत. त्यातला एक तरुण आम्हांला म्हणाला होता, "फादर, लोकांचा रविवार तो आमचा सोमवार असतो." त्याची मिस्सा वारंवार चुकते. पाहुणा ताटात वाढून घेतलेले अर्धे टाकून देतो, ते उचलणारा आपला मुलगा असतो. पाहुणा नावाने हाक मारतो की 'ए' म्हणतो, हेही त्याच्या लक्षात राहते. गोव्यात बाणावली-वार्काच्या रिसॉर्टात आपण उतरू, तेव्हा ताटे उचलणारा कोणाचा तरी मुलगाच असणार, हे वसईच्या माणसाने विसरू नये.

आज्ञेतील यादी

आता त्या बाईंच्या बोलण्याकडे परत येऊ. त्या रात्री आम्ही अनुवादाच्या पुस्तकातील पाचवा अध्याय उघडला. शब्बाथाची आज्ञा आपल्याला पाठ असते, पण तिच्यातील यादी आपण घाईने वाचतो. त्या दिवशी काम कोणी करायचे नाही? तू नाही, तुझ्या मुलाने नाही, मुलीने नाही, दासाने नाही, दासीने नाही, बैलाने नाही, गाढवाने नाही, तुझ्या गावी राहणाऱ्या परक्यानेही नाही. आणि कारणही दिलेले आहे: तुझ्याप्रमाणे तुझ्या दासदासींना विसावा मिळावा, कारण तूही मिसर देशात दास होतास. खरे 'सर्व समाविष्ट' हे आहे. पॅकेजमध्ये वस्तू मोजल्या जातात. देवाच्या आज्ञेत माणसे मोजली जातात आणि त्यांच्याबरोबर मुकी जनावरेही.

पण यादी पुन्हा वाचा. त्यात एक नाव नाही. पत्नीचे. बायबलचे अभ्यासक सांगतात की 'तू' ह्या शब्दात पती-पत्नी दोघेही येतात, आणि ते बरोबरच आहे. पण आपल्या घरांत ते तसे येतात का? रविवारी मिस्सा झाली की पुरुष चावडीवर, मुले मैदानावर आणि घरची बाई दुप्पट स्वयंपाकाला, कारण आज सगळे घरी! बैलालाही ज्या दिवशी विसावा सांगितला, त्या दिवशी ती ओट्यापुढे उभी असते. पोप लिओ तेरावे ह्यांनी १८९१ मध्ये गिरणीतल्या कामगाराच्या रविवारच्या विश्रांतीचा आग्रह धरला. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९९८ मध्ये प्रभूच्या दिवसावर संपूर्ण पत्र लिहिले. घरातल्या कामगाराचा प्रश्न मात्र आपणच सोडवायचा आहे.

मार्थेची गोष्टही आम्ही त्या रात्री नव्याने वाचली. प्रभू येशूने तिला 'तू फार दगदग करतेस' असे सांगितले, ते प्रेमाने, तिचे नाव दोनदा घेऊन. पण तिची मूळ तक्रार काय होती? मला एकटीवर काम टाकले आहे, ही. वर्षानुवर्षे आम्ही प्रवचनात मरियेचा वाटा चांगला म्हणून सांगत आलो. मार्थेलाही तो वाटा मिळावा म्हणून आणखी कोणी उठायला हवे होते, हे मात्र कधी बोललो नाही. त्या घरात लाजरसही होता ना? २०२१ पासून ख्रिस्तसभेने २९ जुलैला मार्था, मरिया आणि लाजरस ह्या तिघांची आठवण एकत्र ठेवली आहे. भावाचे नाव दोन्ही बहिणींच्या बरोबर आले, ह्यात आम्हांला आता एक वेगळा अर्थ दिसतो.

दुसरे उत्तर

पुढच्या आठवड्यात आम्ही त्या कुटुंबाच्या घरी गेलो आणि आमचे पहिले उत्तर मागे घेतले. "जा," असे म्हणालो. पण जाण्यापूर्वी एक यादी करा: तुमच्या ह्या विश्रांतीत कोणाकोणाला विश्रांती मिळते आणि तिचा भार कोणावर पडतो?

यादी करताना एक गोष्ट पुढे आली. पतीच्या आईचे वय ऐंशीच्या पुढे आहे. पाय मोडल्यापासून त्यांना धरून चालवावे लागते. चार दिवस त्यांना शेजारच्या गावी लेकीकडे ठेवायचे ठरले होते. ठरवले होते ते ह्या दोघांनी. लेकीला फक्त कळवायचे होते. तिच्याही घरी स्वयंपाक आहे, तिचीही नोकरी आहे. तिचे नाव यादीत आले, तेव्हा पती पहिल्यांदा गप्प झाले. एका मार्थेला सोडवायचे आणि दुसरीला अडकवायचे, ह्याला विश्रांती म्हणता येणार नाही.

त्या घराने पुढे जे ठरवले ते असे. तीन रात्रींऐवजी दोन रात्री जायचे. आईला लेकीकडे ठेवायचे, पण तिला आधी विचारून. आणि नाताळानंतर ती व तिचे यजमान दोन दिवस कुठे तरी जातील, तेव्हा तिच्या सासरच्या म्हाताऱ्या माणसांचे ह्यांनी पाहायचे. कर्ज काढायचे नाही. गोव्यात एक जेवण तरी फाटकाबाहेर, गावातल्या खानावळीत घ्यायचे. रविवारची मिस्सा तिथल्या चर्चमध्ये करायची. कोकणीतली मिस्सा आपल्याला बऱ्यापैकी समजते. वाढणाऱ्या मुलाला नाव विचारायचे. पतींना अजूनही वाटते की पैसे जास्तच आहेत. असू दे. पंचवीस वर्षांच्या संसारात एवढा मतभेद चालतो.

पण ज्यांना गोवाच काय, अर्नाळ्याच्या रिसॉर्टचे एक दिवसाचे पैसेही परवडत नाहीत, अशी घरे आपल्या धर्मग्रामात पुष्कळ आहेत. त्यांना आम्ही काय सांगावे? हेच, की देवाने वर्षातून बावन्न वेळा फुकट दिलेली सुट्टी आपण कोणी नीट वापरलेली नाही. रविवारी एक वेळचा स्वयंपाक पतीने आणि मुलांनी केला, आदल्या दिवशीचे गरम करून खाल्ले, भात-लोणच्यावर भागवले, तर काही बिघडत नाही. मग संध्याकाळी सगळ्यांनी मिळून, आजीलाही रिक्षात बसवून, किनाऱ्यावर जावे. समुद्र आपलाही तोच आहे, असे आम्ही त्या दिवशी म्हणालो होतो. ते खरेच होते. पण घरातली शेगडी विझवल्याशिवाय ते बोलण्याचा आम्हांला अधिकार नव्हता.

शेवटी एक आमच्या घरचे. धर्मगुरुनिवासातील मावशींना आम्ही विचारले की रविवारी त्या कोणत्या मिस्सेला जातात. त्या म्हणाल्या, "कुठल्या जमेल त्या, फादर. मधून मधून चुकते." दहा हात अंतरावर चर्च आणि आमच्या जेवणासाठी तिची मिस्सा चुकते! गेल्या महिन्यापासून त्यांना रविवारी पूर्ण सुट्टी आहे, पगार न कापता. आम्ही आणि सहायक धर्मगुरू आळीपाळीने स्वयंपाक करतो. पहिल्या रविवारी खिचडी खाली लागली. दुसऱ्या रविवारी मीठ विसरले. तेव्हा कोणी भगिनीने दया येऊन डबा पाठवू नये, ही नम्र विनंती. नाहीतर आमची सुट्टी पुन्हा तुमच्याच अंगावर यायची.

'सगळे धरून किती?' असा प्रश्न आपण दुकानदाराला विचारतो. ह्या आठवड्यात तो आपल्या घरात थोडा बदलून विचारू या: सगळे धरून कोण कोण? ज्या विश्रांतीत घरातले एकही माणूस गाळलेले नाही, ती विश्रांती गोव्याची असो वा घरच्या ओट्यावरची, तिचे मोल झाले असे समजावे.

प्रभू आपल्या सर्वांच्या घरांना, आणि विशेषतः त्या घरांतल्या मार्थांना, विसावा देवो.

आपले धर्मगुरू